कंपनीची बातमी कामगाराला गेटबाहेरच्या टपरीवर आधी का कळते?

अंबडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरचं काम बघतो. कायम, कंत्राटी आणि ट्रेनी धरून तीनशेच्या आसपास माणसं आहेत. कंपनी आणि कामगार यांच्यातलं सांगणं-विचारणं सुधारायचं असं वरून ठरलंय आणि आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. एक अ‍ॅप, एक मासिक पत्रिका, वर्षातून दोन टाउन हॉल (सगळ्यांची एकत्र सभा) असं लिहून दिलं तर मंजूरही होईल. पण त्याने शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, फरक पडेल असं मला वाटत नाही, म्हणून इथे विचारतोय. इथले बरेच जण सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात काम करतात किंवा करून निवृत्त झालेत.

दुखणं कुठे आहे ते आधी सांगतो. आधीच्या एका कंपनीत (नाव नको) पहिली पाळी सातऐवजी साडेसहाला सुरू करायचं ठरलं. लागू होणार सोमवारपासून. नोटीस लागली शनिवारी दुपारी, टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी, इंग्रजीत. कँटीनवाल्याला मात्र मंगळवारीच सांगून झालं होतं, कारण नाश्ता लवकर लागणार. बसच्या ठेकेदारालाही. बुधवारी बातमी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचली आणि शुक्रवारपर्यंत तिचं 'रात्रपाळी बंद होणार, कंत्राटी पोरं कमी करणार' असं झालं. सुपरवायझरांना लोक विचारत होते, पण त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. सोमवारी निम्मी लाईन उशिरा आली, आणि जे वेळेवर आले ते 'साहेबांना बोलवा' म्हणत गेटवरच थांबले. कारण काय, तर ग्राहक कंपनीची गाडी माल उचलायला लवकर येणार होती. एवढंच. हे आठवडाभर आधी सांगितलं असतं तर ओझर आणि देवळालीकडून येणाऱ्यांनी 'बस किती वाजता' इतकंच विचारलं असतं.

माझं मत असं बनलंय की नोटीस किती छान लिहिली यापेक्षा बातमी आधी कोणाला कळली यावर सगळं ठरतं. कामगाराचा रोजचा संबंध सुपरवायझरशी. त्यालाच बातमी सगळ्यांबरोबर, किंवा सगळ्यांच्या नंतर कळली तर त्याची किंमत जाते. पुढच्या वेळी लोक त्याला विचारतच नाहीत, थेट टपरीवर विचारतात.

दुसरी बाजू खालून वर जाणाऱ्या गोष्टींची. सूचनापेटी बहुतेक ठिकाणी आहे. तिच्यात चिठ्ठी टाकणाऱ्याला 'हे जमणार नाही, कारण असं असं' एवढंही उत्तर येत नाही. नकार मिळाला तर माणूस चार दिवस चिडतो आणि विसरतो. उत्तरच आलं नाही तर तो पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि मग मशीनचा गार्ड (सुरक्षेचं आवरण) ढिला झालाय हेही सांगत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या गोष्टीची आहे.

तुमच्याकडे काय टिकलं, काय बंद पडलं आणि का, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

पाथर्डीफाटा

तुम्ही लिहिलेला तो मधला माणूस मीच. मशीन शॉपला सुपरवायझर आहे. वरून विचारतात, सगळ्यांना सांगितलंत ना? खालून विचारतात, पण हे कशासाठी? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलेलंच नसतं. 'वरून आलंय' म्हणून सांगितलं की माझं काम संपलं, आणि माझा मानही.

आमच्याकडे टिकलेली एक गोष्ट सांगतो. पाळी सुरू होताना दहा मिनिटं उभ्या उभ्या मीटिंग. काल काय रिजेक्ट झालं, आज कोणतं मॉडेल लावायचं, कोण रजेवर आहे, सुरक्षिततेची एक गोष्ट, आणि शेवटी 'कुणाला काही बोलायचंय का'. पहिल्यांदा ही मीटिंग पाळीच्या आधी ठेवली होती, म्हणजे दहा मिनिटं लवकर या. लोक यायचे, पण घड्याळाकडे बघत उभे राहायचे. त्या दहा मिनिटांचा पैसा नाही, मग बोलायचं कशाला? नंतर मीटिंग पाळीच्या वेळेत घेतली आणि टार्गेटमधून तेवढे नग वजा केले. तेव्हापासून लोक बोलू लागले. वरच्या साहेबांनी हे नीट समजून घ्यावं. टार्गेट तेवढंच ठेवून मीटिंग घ्यायला लावली तर मीच ती तीन मिनिटांत गुंडाळणार, कारण संध्याकाळी मला नगांचा हिशोब द्यायचा असतो.

आणखी एक. चांगला ऑपरेटर होता म्हणून त्याला लाईन लीडर करतात. आयटीआय झालेल्या पोराला एकदम पंचवीस जणांसमोर उभं राहून 'या महिन्यात ओटी (ओव्हरटाइम) बंद' असं सांगायला लावतात. त्यातले निम्मे वयाने त्याच्या काकाच्या जागी. मशीनचं ट्रेनिंग मिळतं, याचं कुणी देत नाही. सांगायचं काय, आणि कोणता प्रश्न आला तर 'उद्या विचारून सांगतो' म्हणायचं, एवढी अर्ध्या तासाची तयारी आदल्या दिवशी करून घेतली तरी खूप फरक पडतो.

निवृत्त_फिटर

धागा वाचून बरं वाटलं. मी मोठ्या कारखान्यात आयुष्य काढलं. आमच्याकडे वर्क्स कमिटी (कामगार आणि व्यवस्थापन दोघांचे प्रतिनिधी असलेली) होती, कँटीन कमिटी होती, सेफ्टी कमिटी होती. नावाला नव्हे, खरीखुरी. कँटीनची डाळ पातळ झाली तरी कमिटीत यायची. बैठकीचा वृत्तांत मराठीत टाइप होऊन प्रत्येक शॉपच्या बोर्डावर लागायचा. त्यात मुद्द्यासमोर एक रकाना असायचा: कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. आम्ही जेवणाच्या सुट्टीत आधी तो रकाना वाचायचो. तारीख उलटली की पुढच्या बैठकीत तोच मुद्दा पहिला.

ती कमिटी कशी संपली तेही सांगतो. कुणी बंद केली नाही. आधी कारखान्याचे मोठे साहेब स्वतः बसायचे. साहेब बदलले, नव्यांनी पर्सोनेलच्या ज्युनिअर अधिकाऱ्याला पाठवायला सुरुवात केली. पोरगा भला होता, पण प्रत्येक मुद्द्यावर 'वर कळवतो' म्हणायचा. ज्याच्या हातात निर्णय नाही अशा माणसासमोर कोण बोलणार? हळूहळू प्रतिनिधी यायचे थांबले. अंबडकर, तुमच्या आराखड्यात पहिल्या ओळीत हे लिहा की बैठकीत 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकणारा माणूस बसेल.

कायद्याचं_बोला

कामगार कायद्याची सल्लागार म्हणून काम करते, म्हणून थोडं कायद्याचं. अंबडकर, तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात शनिवारची नोटीस उशिरा लागली ही गैरसोय तर होतीच, पण कायद्याच्या दृष्टीनेही तो प्रश्न होता. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा अशा ठराविक सेवाशर्तींमध्ये बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागत असे. युनियनशी झालेल्या समझोत्यातच तशी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेतही (कलम ४०) ही २१ दिवसांची नोटीस कायम आहे. म्हणजे 'आधी सांगा' ही फक्त चांगुलपणाची गोष्ट नाही.

कमिट्यांबद्दल. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर सरकार वर्क्स कमिटी नेमायला सांगू शकतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवीच. नव्या संहितेत तिचे सदस्य जास्तीत जास्त दहा, कामगारांचे आणि मालकाचे प्रतिनिधी समसमान, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे, आणि महिलांचं प्रतिनिधित्व कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी चालत नाही. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत कामकाज पुरं करायचं. नाशिकमध्ये मी बघते त्या लहान-मध्यम कारखान्यांत बहुतेक वेळा ही समिती फाइलमध्ये असते. सदस्याला विचारलं तर आपण सदस्य आहोत हे त्यालाच ठाऊक नसतं.

स्थायी आदेशांचा (कारखान्याच्या लिखित सेवानियमांचा) मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात ही सक्ती पन्नास कामगारांपासून होती, आता मर्यादा ३०० झाली आहे. तुमची कंपनी नेमकी त्या रेषेच्या आसपास आहे. सक्ती राहिली नाही म्हणून रजा, शिस्त, पाळ्या यांचे लिखित नियम काढून टाकायचा मोह होईल. तसं करू नका. जिथे नियम लिहिलेले नसतात तिथे प्रत्येक सुपरवायझरचा नियम वेगळा होतो, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

भाषेचंही बघा. कारखाना कायदा, १९४८ च्या कलम १०८ मध्ये स्पष्ट होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ सहज दिसेल अशा जागी लावायच्या. फक्त इंग्रजीतला कागद कधीच पुरेसा नव्हता.

सातपूर_श्रमिक

मी युनियनचा पदाधिकारी आहे, त्यामुळे मला या विषयावर जरा सावध बोलावं लागतं. 'संवाद सुधारायचाय' असं व्यवस्थापन म्हणतं तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ युनियनला वळसा घालून कामगारांशी थेट बोलायचंय असा असतो. आमच्या एका कारखान्यात नेमकं मागणीपत्र दिल्यानंतर अचानक 'एचआर आपल्या भेटीला' सुरू झालं. लाईनवर येऊन चहा, विचारपूस, आणि हळूच 'तुमच्या नेत्यांनी समझोता अडवून धरलाय'. याला संवाद म्हणत नाहीत.

वर्क्स कमिटीच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगून ठेवल्या आहेत. नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की कामाची नवी पद्धत वर्क्स कमिटीने मान्य केली होती. न्यायालयाने सांगितलं की वर्क्स कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही आणि अशी मान्यता कामगारांवर बंधनकारक होत नाही. तिचं काम रोजच्या कुरबुरी मिटवून सलोखा ठेवण्याचं.

मला खऱ्या संवादाची एक कसोटी वाटते. ऑर्डर घटल्यावर तुम्ही आम्हाला आकडे दाखवता ना, मग ऑर्डर वाढल्यावरही दाखवता का? फक्त वाईट काळात हिशोबाची वही उघडली तर तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

अंबडकर (धागाकर्ता)

सातपूर_श्रमिक दादा, तुमचा आक्षेप मान्य आहे आणि तो आराखड्यात लिहूनच टाकतो: पगार, बोनस, समझोता, कामाचा वेग या गोष्टी युनियनशीच बोलायच्या. पाळीच्या मीटिंगमध्ये त्या काढायच्या नाहीत. मागणीपत्र चर्चेत असताना नवी 'योजना' सुरू करायची नाही. आणि आकड्यांचं तुम्ही बोललात ते पटलं. दर महिन्याला ऑर्डर, रवाना झालेला माल, ग्राहकाकडून परत आलेला माल असे तीन आकडे, चांगले असोत वा वाईट, त्याच बोर्डावर त्याच तारखेला लावायचे असं सुचवतो.

काका, 'हो-नाही म्हणणारा माणूस' हे पहिल्या ओळीतच जाईल.

सिडकोची_लेक

इतका वेळ सगळे पुरुषच बोलतायत म्हणून लिहिते 🙂 मी इलेक्ट्रॉनिक असेम्ब्लीला ऑपरेटर आहे, आमच्या लाईनवर जास्त मुलीच.

आमच्या मीटिंगा पाळी सुटल्यावर असतात. बस दहा मिनिटांत निघते. जिची बस चुकली तिला त्रिमूर्ती चौकापर्यंत रिक्षा बघावी लागते, दुसऱ्या पाळीनंतर तर घरूनच फोन सुरू होतात. म्हणून कुणी थांबत नाही, आणि मग म्हणतात की मुली मीटिंगला येत नाहीत, त्यांना बोलायचंच नसतं. बोलायचं खूप असतं हो. टॉयलेटला जायला रिलीव्हर (तेवढा वेळ आपल्या जागी काम करणारी) मिळत नाही हे मी पुरुष लाईन लीडरला सगळ्यांसमोर कसं सांगू? आमच्या एका सीनियर ताईंना लाईन लीडर केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वर गेलं आणि रिलीव्हर मिळाला. आधी कुणी अडवलं होतं असं नाही, त्यांना माहीतच नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दलही लिहा कुणीतरी. आमचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर आहे. वरून मेसेज येतो, आम्ही अंगठा टाकायचा. रात्री साडेदहाला मेसेज येतो की उद्या दुसऱ्या मॉडेलची लाईन, लवकर या. ज्या मुलीकडे साधा फोन आहे किंवा जिच्या घरी एकच फोन नवऱ्याकडे असतो, तिला सकाळी गेटवर कळतं आणि लेट मार्क तिच्याच नावावर. फ्लोअरवर मोबाईल बंदी आहे, ती सुरक्षेसाठी ठीकच आहे, पण मग महत्त्वाची गोष्ट मोबाईलवर सांगून 'सगळ्यांना कळवलं' म्हणू नये.

आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी जी अंतर्गत समिती असते ना, तिच्या नावांचा फलक आमच्याकडे लावलाय. त्यातल्या दोन मॅडम कधीच नोकरी सोडून गेल्या. फलक तोच.

कायद्याचं_बोला

ताई, फलकाचं तर लगेच सांगा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष महिलाच, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला, आणि समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, समितीला ती मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. ज्या मुलीने फलकावरच्या नंबरला फोन केला आणि तो कुणी उचललाच नाही, तिचे यातले किती दिवस वाया गेले याचा विचार करा.

छोटा_कारखानदार

माझं अंबडला चाळीस माणसांचं युनिट आहे. प्रेस आणि फॅब्रिकेशन. एचआर वगैरे काही नाही, मी, माझा भाऊ आणि एक अकाउंटंट. मला वाटायचं की हा विषय मोठ्या कंपन्यांचा. मी सगळ्यांना नावाने ओळखतो, लग्नकार्याला जातो, माझी केबिन उघडीच असते.

केबिन उघडी असते पण आत एकच माणूस येतो, हे माझ्या वडिलांनी मला दाखवून दिलं. प्रत्येक छोट्या कारखान्यात मालकाचा एक खास माणूस असतो. जुना, विश्वासाचा. मालकाला सगळं त्याच्याकडून कळतं आणि कामगारांना मालकाचं मन त्याच्याकडून कळतं. दोन्हीकडची गोष्ट त्याच्या पसंतीने गाळून पुढे जाते. तो वाईट असतो असं नाही. पण ज्याचं त्याच्याशी पटत नाही त्या वेल्डरचा आवाज माझ्यापर्यंत येतच नाही. आता मी आठवड्यातून एकदा स्वतः शॉपमध्ये जेवायला बसतो, दर वेळी वेगळ्या टोळक्याबरोबर. कागद नाही, पेन नाही. जे ऐकलं त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात तिथेच बसून देतो.

मला एक अडचण आहे, तिच्यावर जाणत्यांनी बोलावं. माझा एक मोठा ग्राहक काम दुसरीकडे हलवायच्या विचारात आहे. नक्की काही नाही. लोकांना आत्ता सांगितलं तर चांगले वेल्डर उद्याच शेजारच्या गेटवर उभे राहतील. नाही सांगितलं आणि काम गेलं तर माझ्या तोंडावर थुंकतील. काय करावं?

पाथर्डीफाटा

दादा, त्यांना बहुतेक माहीत असणार. माल नेणारा ड्रायव्हर बोलतोच की.

सातपूर_श्रमिक

मालकवर्गातल्या माणसाने असं मोकळं विचारलं याचं कौतुक वाटलं. माझं उत्तर: 'अजून ठरलेलं नाही' हीसुद्धा बातमीच असते, ती तशीच सांगा. ग्राहक विचार करतोय, आपण दर आणि क्वालिटीवर बोलतोय, अमुक तारखेला मी तुम्हाला पुन्हा सांगेन. आणि त्या तारखेला सांगण्यासारखं काही नसलं तरी उभं राहून 'अजून कळलेलं नाही' म्हणा. जाणारे दोघे-चौघे तसेही जातील. बाकीचे थांबतात ते तुम्ही तारीख पाळलीत म्हणून.

नाव_नको

मी कंत्राटी आहे. वर एवढं सगळं लिहिलंय, त्यात आम्ही कुठे बसतो? पाळीच्या मीटिंगला आम्हाला बाजूला उभं करतात. कंपनीचा सुपरवायझर काम सांगतो पण रजा मागितली की म्हणतो ठेकेदाराला विचार. ठेकेदार महिन्यातून एकदा दिसतो. पीएफ कापतात, पण भरला की नाही ते विचारायचं कोणाला? ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळालं नाही म्हणून मित्राला सातपूरच्या दवाखान्यातून परत यावं लागलं. वेळ बदलली की आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं आणि गेटवर सगळ्यात आधी आम्हालाच थांबवतात.

कायद्याचं_बोला

भाऊ, हे असं का होतं ते स्पष्ट सांगते. कंत्राटी कामगारांशी थेट बोललो, त्यांना थेट सूचना दिल्या तर उद्या ते 'आम्ही कंपनीचेच कामगार आहोत, कंत्राट हा देखावा आहे' असा दावा करतील अशी भीती कंपन्यांना असते. त्या भीतीपोटी साध्या गोष्टीही सांगत नाहीत. पण सुरक्षिततेच्या बाबतीत ही सबब चालत नाही. कारखाना कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येतच ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार येत होते. धोक्याची माहिती, प्रशिक्षण, आपत्कालीन सराव हे त्यांनाही द्यायलाच हवं. पगाराचंही तसंच: ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. पीएफ भरलाय का ते यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) वरून पासबुक उघडून स्वतः बघता येतं, ते आधी बघा. नियुक्तिपत्र दिलं नसेल तर मागा, नव्या संहितेत ते सगळ्यांसाठी सक्तीचं झालं आहे.

अंबडकर, ठेकेदाराच्या प्रतिनिधीने आठवड्यातल्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गेटजवळ एक तास बसायचं, ही अट तुम्ही कंत्राटातच घालू शकता. त्याने देखावा वगैरेचा प्रश्नही येत नाही.

गोदाकाठ

मी मुंबई नाक्याजवळच्या एका छोट्या आयटी कंपनीत आहे. आमच्याकडे उलटं आहे. दिवसभर चॅट, मेल, कॉल यांचा पूर असतो आणि तरी टीममधला माणूस काढला गेला हे आम्हाला त्याचं खातं बंद दिसल्यावर कळतं. शॉप फ्लोअर नसला तरी दुखणं तेच आहे. बाकी चर्चा वाचतोय, खूप शिकायला मिळतंय.

निवृत्त_फिटर

दिवाळीच्या बोनसबद्दल कुणी काढलं नाही अजून. नाशिकच्या सगळ्या एमआयडीसीत दसऱ्यापासून एकच विषय असतो, शेजारच्या कंपनीत किती दिला. दरवर्षी अफवा आणि दरवर्षी रुसवे. आमच्याकडे एका वर्षी अकाउंट्सचे साहेब शॉपमध्ये आले, फळ्यावर खडूने लिहून दाखवलं: कायद्याने किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के, मधला आकडा कसा निघतो, नफ्यातून आधी काय वजा होतं. काही पोरांनी उलटे प्रश्न विचारले, साहेबांनी दोन प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिवशी येऊन दिली. आकडा काही फार मोठा नव्हता त्या वर्षी. पण घोषणेनंतर कँटीनवर बहिष्कार झाला नाही. माणसाला हिशोब दाखवला की त्याचा मान राहतो, मग तो भांडला तरी मुद्द्यावर भांडतो.

अंबडकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. आराखड्यात काय जाणार ते सांगतो, चुकत असेल तिथे टोका.

कोणताही बदल जाहीर करायच्या आदल्या दिवशी सगळ्या पाळ्यांच्या सुपरवायझरांना कारणासकट सांगायचा, आणि कँटीन, बस, सिक्युरिटी यांना त्यांच्यानंतरच. नोटीस मराठी आणि हिंदीत, खाली 'शंका असल्यास कोणाला विचारावं' म्हणून एका माणसाचं नाव, आणि कागद काढायची तारीखही. जागा बदलायची: पंचिंग मशीनशेजारी आणि कँटीनच्या हात धुवायच्या नळांसमोर, कारण तिथे माणूस थांबतो. पाळीची मीटिंग कामाच्या वेळेत, टार्गेट वजा करून, कंत्राटी आणि ट्रेनी मंडळी त्याच गोलात. ताईंच्या मुद्द्यामुळे पाळी सुटल्यानंतरची एकही बैठक ठेवणार नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त आधी तोंडी सांगितलेल्या गोष्टीची आठवण जाईल, नवी बातमी नाही. अ‍ॅपचा प्रस्ताव वगळतोय. वरून विचारतील, मी कारण देईन.

प्रश्नांसाठी रजिस्टर: प्रश्न, आल्याची तारीख, उत्तर देणारा, उत्तराची तारीख. सात दिवसांत उत्तर, नाहीतर 'कधी देणार' ते उत्तर. रजिस्टरची झेरॉक्स दर आठवड्याला बोर्डावर. तक्रार निवारण समितीच्या सदस्यांना पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा एकत्र बसवतोय, कारखान्याचे प्रमुख स्वतः बसतील असं त्यांनी कबूल केलंय.

रात्रपाळीचं मात्र मला अजून सुचलेलं नाही.

पाथर्डीफाटा

रात्रपाळीला साहेब लोक फक्त अपघात झाला की दिसतात. महिन्यातून एकदा सकाळी पाळी सुटायच्या अर्धा तास आधी प्लँट हेडने यावं, एवढं पुरेल. पण सांगून यावं. न सांगता आले तर लोक धाड समजतात. आणि बोर्डावरचा कागद रात्रीही दिसला पाहिजे, आमच्याकडे बोर्डावरची ट्यूबच गेलेली असते.

नाव_नको

रजिस्टरमध्ये प्रश्न लिहिला की त्यासमोर माझं नाव येणार ना? मग ठेकेदाराला ते दिसणार. मी तरी लिहिणार नाही.

अंबडकर (धागाकर्ता)

बरं झालं विचारलंत. मग असं करतो. नंबर छापलेली पावतीपुस्तकं करून घेतो, प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग, दोन्हीवर तोच नंबर. एक भाग प्रश्न लिहून पेटीत, दुसरा फाडून तुमच्या खिशात. नाव कुठेच नाही. बोर्डावर उत्तर त्या नंबरखाली लागेल, रजिस्टरमध्येही नंबरच. पावतीपुस्तकं कँटीनमध्ये मोकळी ठेवू, कुणाकडे मागायला लागू नयेत. पेटीला दोन कुलपं लावतो. एक किल्ली माझ्याकडे, एक समितीतल्या कामगार प्रतिनिधीकडे. पेटी दर सोमवारी दुसरी पाळी सुरू होताना उघडायची, म्हणजे पहिल्या पाळीची मंडळीही तिथेच असतात.

सिडकोची_लेक

एक पेटी लेडीज चेंजिंग रूममध्येही ठेवा. किल्ली महिला प्रतिनिधीकडे.

अंबडकर (धागाकर्ता)

ठेवतो, ताई. तिची एक किल्ली महिला प्रतिनिधीकडे आणि दुसरी आमच्या विभागातल्या मॅडमकडे.